लिव्हरच्या सेल्समध्ये व्हायरस टाकायचाय? मग आधी सेल्स कुठल्या ते बघा

लिव्हरचा व्हायरस, लिव्हरच्याच सेल्स, आणि तरी इन्फेक्शन शून्य. हे कुणा नवख्या पोराच्या प्रोजेक्टचं रडगाणं नाहीये, हिपॅटायटिस बी वर काम करणाऱ्या जगभरच्या लॅब्जनी हे कित्येक वर्षं सोसलंय. हेपजी२ नावाच्या सेल्स आहेत, अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या एका मुलाच्या लिव्हरच्या ट्यूमरमधून काढलेल्या, १९७९ पासून लोक वापरतायत. या सेल्समध्ये हिपॅटायटिस बी चा डीएनए ढकलून दिला तर त्या आरामात व्हायरस बनवून बाहेर सोडतात, म्हणजे आतला कारखाना एकदम व्यवस्थित, पण तोच व्हायरस बाहेरून ओतला तर ढिम्म. कारण सापडलं २०१२ ला, बीजिंगच्या एका लॅबमध्ये. व्हायरस ज्या दारातून आत शिरतो ते दार म्हणजे एनटीसीपी नावाचं प्रोटीन, त्याचं रोजचं काम पित्ताची आम्लं रक्तातून लिव्हरच्या सेलमध्ये ओढून घ्यायचं, आणि हेपजी२ मध्ये ते जवळपास नसतंच. कॅन्सर सेल झाल्यावर तिनं लिव्हरची बरीच कामं सोडून दिली त्यात हे दारही गेलं. ते प्रोटीन परत घातलं आणि इन्फेक्शन सुरू झालं.

एमएस्सीचं प्रोजेक्ट किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष असलेल्यांसाठी लिहितोय. निरोगी अवयव आणि कॅन्सरचा अवयव यांच्यात व्हायरस वेगळा कसा वागतो हे बघायचं असेल तर काय क्रमानं जायचं, ते सांगतो. उदाहरण लिव्हरचंच धरतो. आणि एक प्रश्न प्रत्येक पायरीला स्वतःला विचारत राहा: मला जो फरक दिसतोय तो कॅन्सरमुळे दिसतोय की मी प्रयोग जसा लावलाय त्यामुळे?

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"व्हायरसचा कॅन्सर सेल्सवर परिणाम अभ्यासणे" हा प्रश्न नाही, हे सिनॉप्सिसचं शीर्षक आहे. प्रश्न असा पाहिजे: हा व्हायरस निरोगी हिपॅटोसाइटमध्ये (लिव्हरच्या मुख्य सेलमध्ये) कमी वाढतो तो आत शिरू शकत नाही म्हणून, की शिरल्यावर इंटरफेरॉन (व्हायरस आला की सेल धोक्याची हाक म्हणून सोडते ते प्रोटीन) त्याला दाबतं म्हणून? या दोन गोष्टींना प्रयोग वेगवेगळे लागतात. कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा, मी चेष्टा करत नाहीये.

पायरी २: सेल्सची निवड, इथंच अर्धं काम आहे

बहुतेक जण काय करतात, शेजारच्या लॅबमध्ये जे मिळेल ते आणतात. आधी त्या सेलची जन्मकुंडली बघा.

व्हेरो घ्या. आफ्रिकन ग्रीन मंकीच्या किडनीतून १९६२ ला जपानच्या चिबा युनिव्हर्सिटीत बनवलेली लाइन (म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या सेल्स), मूळ माकड निरोगी होतं, पण या सेल्सच्या डीएनएमधला एक तुकडाच उडालाय आणि त्यात टाइप वन इंटरफेरॉनची जीन्स गेली. म्हणजे व्हायरस आला तरी ही सेल शेजारणींना हाकच मारू शकत नाही. म्हणून व्हायरस वाढवायला आणि मोजायला व्हेरो भारी, पण "हे माझं निरोगी टिशू" म्हणून कधी वापरू नका. २०२० ला क्लोरोक्विनचं जे झालं ते आठवत असेलच. व्हेरोमध्ये औषधानं कोरोना व्हायरस अडवला म्हणून सगळीकडे गाजावाजा झाला, नंतर काल्यू-३ नावाच्या फुप्फुसाच्या सेल्समध्ये बघितलं तर औषधाचा काही उपयोग नाही. कारण व्हेरोमध्ये व्हायरस एका वाटेनं शिरतो, आणि फुप्फुसाच्या सेल्समध्ये टीएमपीआरएसएस२ नावाचं प्रोटीन असल्यामुळे दुसऱ्या वाटेनं, आणि औषध फक्त पहिली वाट बंद करत होतं. गंमत म्हणजे काल्यू-३ ही पण कॅन्सरचीच लाइन आहे, म्हणजे कॅन्सरची लाइन नेहमी खोटं बोलते असंही नाही, तिच्याकडे काय आहे आणि काय नाही ते माहीत पाहिजे एवढंच.

हू-७ ही लिव्हर कॅन्सरची दुसरी प्रसिद्ध लाइन, १९८२ ची, एका ५७ वर्षांच्या जपानी माणसाच्या ट्यूमरमधली. तिचीच एक उपलाइन आहे हू-७.५, तिच्यात हिपॅटायटिस सी चांगला वाढतो कारण व्हायरसचा आरएनए ओळखणारं रिग-आय नावाचं सेन्सर तिच्यात बिघडलंय. बघा, हेपजी२ मध्ये दार नव्हतं म्हणून हिपॅटायटिस बी शिरत नव्हता, आणि इथं वॉचमन झोपलाय म्हणून हिपॅटायटिस सी मजेत आहे. दोन्ही लिव्हर कॅन्सर. तर "कॅन्सर सेल्समध्ये व्हायरस जास्त वाढतो" असं सरसकट वाक्य लिहायचं नाही.

निरोगी बाजूला सगळ्यात चांगल्या म्हणजे प्रायमरी हिपॅटोसाइट, माणसाच्या लिव्हरमधून थेट काढलेल्या. महाग असतात, लॅबमध्ये वाढत नाहीत, आणि साध्या प्लास्टिकवर ठेवल्या तर काही दिवसांत लिव्हर असल्याचं विसरायला लागतात, म्हणून खाली कोलॅजन, वर पण कोलॅजन किंवा मॅट्रिजेल, असं सँडविच करून ठेवतात. मधला मार्ग म्हणजे हेपाआरजी. तीही ट्यूमरमधूनच आलेली, पण डीएमएसओ घालून दोनेक आठवडे नीट पिकवली की हिपॅटोसाइटसारखी वागते आणि हिपॅटायटिस बी घेते.

सेल लाइन कुणाच्या फ्रीजरमधून "घे रे एक वायल" करत आणू नका. पुण्यात गणेशखिंडला एनसीसीएसची (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सची) सेल रिपॉझिटरी आहे, तिथून रीतसर मागवा, आणि आल्यावर एसटीआर प्रोफाइल (सेल्सची डीएनएवरून ओळखपरेड) करून घ्या. हीला ही १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या ट्यूमरमधून बनलेली पहिली अमर मानवी लाइन, पण ती इतकी आडदांड की दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरून त्यांनाच खाऊन टाकलं, आणि लोक वर्षानुवर्षं भलत्याच अवयवाच्या नावानं हीलावर पेपर लिहीत बसले.

(पुण्याचा विषय निघालाच तर: डेंगीच्या लॅब्जमध्ये ज्या सी६/३६ नावाच्या डासाच्या सेल्स जगभर वापरतात, त्यांची मूळ लाइन १९६७ ला पुण्याच्याच व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये सिंग यांनी बनवलेली आहे, म्हणजे आजच्या एनआयव्हीमध्ये. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत असतं देव जाणे.)

पायरी ३: कागदपत्रं, कंटाळवाणी पण आधीच

व्हायरस कुठलाही असो, संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी आधी. माणसाचं टिशू असेल तर एथिक्स कमिटी आणि पेशंटची लेखी संमती वेगळी. नवीन असाल तर लॅबमध्ये आधीच मंजूर असलेला, हिरवा चमकणारा, म्हणजे जीएफपी घातलेला आणि कमकुवत केलेला रिपोर्टर व्हायरस घेऊन शिका. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली पाहिजे, प्रायमरी लिव्हरवर काम करायचं असेल तर हे ऐच्छिक नाही. आणि एक फार महत्त्वाचं: साधा लॅमिनार आणि क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! साध्या लॅमिनारमध्ये हवा सेल्सवरून तुमच्या तोंडावर येते, सेल्स स्वच्छ राहतात आणि तुम्ही आजारी पडता. सगळे दोन्हीला "हूड" म्हणतात म्हणून हा घोळ होतो.

पायरी ४: सेल्स वाढवायला शिका, व्हायरस नंतर

निदान महिनाभर नुसत्या सेल्स सांभाळा. ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, डीएमईएम मीडिया (सेल्सचं पातळ खाद्य), १० टक्के सीरम. मीडियातला लालसर रंग फिनॉल रेडचा असतो, पिवळा पडला म्हणजे आम्ल वाढलंय (सेल्स जास्त झाल्या किंवा बॅक्टेरिया आले), जांभळट गुलाबी झाला तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपलाय का बघा. सिलिंडर शनिवारी संध्याकाळी संपतो, सोमवारी कळतं, हे विश्वाचे नियम आहेत. पावसाळ्यात फंगस येतंच, इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, आणि लाइट गेली की इन्क्युबेटर यूपीएसवर आहे का हे आधीच विचारून ठेवा.

हेपजी२ ची एक खोड आहे, ती गुठळ्या करून वाढते. ट्रिप्सिन (सेल्स प्लास्टिकवरून सुटवणारं एन्झाइम) देऊन नुसतं हलवलं तर गुठळ्या तशाच राहतात, मग हिमोसायटोमीटरमध्ये (सेल्स मोजायच्या चौकटीच्या काचेवर) मोजलेला आकडा साफ खोटा, आणि पुढे व्हायरस किती टाकायचा हे गणित त्याच आकड्यावर. म्हणून पिपेटनं हळू हळू वर खाली करून एकेक सेल सुटी करा, मग ट्रायपॅन ब्लू घालून मोजा, निळ्या झालेल्या म्हणजे मेलेल्या.

मायकोप्लाझ्मा दर महिन्याला तपासा. त्याला सेल वॉल नसते म्हणून पेनिसिलिन त्याला काही करत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडिया गढूळ होत नाही, पण सेल्सचा इंटरफेरॉनचा प्रतिसाद पार बदलून टाकतो, म्हणजे तुम्ही जे मोजायला बसलाय तेच. पीसीआर करा, एका दुपारचं काम आहे.

आणि पहिल्या आठवड्यातच डझनभर वायल गोठवून ठेवा. १० टक्के डीएमएसओ, रात्रभर उणे ८० ला हळूहळू, मग लिक्विड नायट्रोजन. गोठवताना सावकाश, वितळवताना भराभर.

पायरी ५: खरं टिशू मिळालं तर

ऑपरेशनमध्ये काढलेल्या लिव्हरचा तुकडा मिळण्याची सोय असेल तर स्लाइस कल्चर करून बघाच. टिशू बर्फावर, थंड सोल्यूशनमध्ये, जमेल तितक्या लवकर लॅबमध्ये, मग व्हायब्रेटोमवर (थरथरत्या पात्याचं काप काढायचं यंत्र) साधारण २५० मायक्रॉनचे काप. यापेक्षा जाड कापले तर मधल्या सेल्स ऑक्सिजनशिवाय गुदमरतात, फार पातळ कापले तर दोन्हीकडच्या कापलेल्या सेल्स जाऊन उरतं काय. काप काही दिवस जगतात. फायदा असा की यात नुसते हिपॅटोसाइट नाहीत, रक्तवाहिन्यांच्या सेल्स आहेत, व्हायरस गिळणाऱ्या कुप्फर सेल्स आहेत, सगळं कुटुंब जागच्या जागी आहे.

पण दोन फसवणुकी. एक, व्हायरस बहुतेक वेळा कापाच्या वरच्या थरांतच राहतो, त्यामुळे "ट्यूमरमध्ये व्हायरस खोल जात नाही" असं लिहायच्या आधी निरोगी कापात तरी जातो का ते बघा. दोन, आणि ही मोठी: ट्यूमरपासून थोडं लांबचं टिशू आपण "नॉर्मल" म्हणतो, पण लिव्हर कॅन्सरच्या पेशंटचं बाकीचं लिव्हर बरेचदा सिरॉसिस झालेलं असतं, त्यात आधीच हिपॅटायटिस असू शकतो, इंटरफेरॉनची जीन्स आधीच चालू असू शकतात. ते निरोगी नाही, फक्त कॅन्सर नसलेलं आहे. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागा, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्हीची तपासणी बघा, आणि वहीत "शेजारचं टिशू" असंच लिहा. शक्य असेल तर दुसऱ्या कारणानं ऑपरेशन झालेल्या, चांगल्या लिव्हरचा नमुना मिळवा.

पायरी ६: इन्फेक्शन

आता गणित. एमओआय म्हणजे एका सेलमागे किती व्हायरस. वेलमध्ये (प्लेटमधल्या एका खळग्यात) ५ लाख सेल्स, एमओआय ०.१ पाहिजे, म्हणजे ५० हजार व्हायरस. स्टॉकमध्ये मिलीला १ कोटी असतील तर ५ मायक्रोलिटर. इतकं कमी थेट पिपेट करू नका, आधी डायल्यूट करा. आणि एमओआय १ म्हणजे प्रत्येक सेलला एकेक व्हायरस मिळाला असं नाही, साधारण ३७ टक्के सेल्सना एकही मिळत नाही, कुणाला दोन कुणाला तीन. सगळ्या सेल्स एकदम इन्फेक्ट करायच्या असतील तर ५ च्या वर जा.

मीडिया काढा, एकदा धुवा, थोड्याशा मीडियात व्हायरस घाला, तासभर ठेवा आणि दर १५ मिनिटांनी प्लेट हळूच कलती करा, नाहीतर मधल्या सेल्स सुकतात. मग धुवा (हे धुणं विसरलात तर नंतर मोजलेला व्हायरस तुम्हीच ओतलेला असेल) आणि २ टक्के सीरमचा मीडिया घाला.

एक बारकी गोष्ट जी मला फार उशिरा कळली. स्टॉक मोजला व्हेरोवर, एमओआय काढला त्यावरून, आणि वापरला हिपॅटोसाइटवर. कागदावर एमओआय १, पण या सेलवर दार कमी असेल तर खरा एमओआय ०.०१ असू शकतो. म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येक प्रकारच्या सेलवर वेगवेगळे डोस टाकून, पहिल्या काही तासांत किती टक्के सेल्स हिरव्या होतात ते मोजा.

कंट्रोल किती ठेवायचे? व्हायरस नसलेला वेल, अल्ट्राव्हायोलेटनं मारलेला व्हायरस टाकलेला वेल, आणि आधी रात्रभर इंटरफेरॉन देऊन ठेवलेला वेल. हा शेवटचा सगळ्यात बोलका. निरोगी सेल इंटरफेरॉन मिळालं की शटर ओढून घेते, बऱ्याच कॅन्सर सेल्सचं हे शटरच मोडलेलं असतं, आणि कॅन्सर मारणारे काही व्हायरस याच फरकावर चालतात. हे नुसतं पुस्तकात नाही, हर्पिसच्या व्हायरसमध्ये बदल करून बनवलेलं टी-वेक अमेरिकेत २०१५ ला मेलानोमासाठी मंजूर झालेलं आहे.

निरोगी आणि कॅन्सर सेल्सचे मीडिया वेगळे असतात हेही लक्षात ठेवा. प्रायमरी हिपॅटोसाइटच्या मीडियात बहुतेकदा हायड्रोकॉर्टिसोन असतं, म्हणजे एका बाजूला स्टेरॉइड आणि दुसऱ्या बाजूला नाही, आणि मग आपण म्हणतो निरोगी सेल्स शांत राहिल्या! हेपजी२ चा एक जादा वेल त्याच मीडियात लावा.

पायरी ७: मोजणं

जुनी पण अजून सगळ्यात भरवशाची पद्धत प्लाक असे, डल्बेको यांनी १९५२ मध्ये प्राण्यांच्या व्हायरससाठी आणली. ०, ८, २४, ४८ तासांना वरचा मीडिया काढा, दहा दहा पटीनं डायल्यूट करा, व्हेरोच्या गच्च भरलेल्या थरावर घाला, तासाभरानं वरून अगारोज ओता. व्हायरस अगारोजमुळे लांब पळू शकत नाही, शेजारच्याच सेल्स मारतो, काही दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेट टाकलं की जांभळ्या गालिच्यावर पांढरी भोकं. १ लाख पट डायल्यूट केलेल्या नमुन्याचे ०.२ मिली टाकले आणि ४२ भोकं आली तर मिलीला २ कोटी १० लाख.

माझ्या पहिल्या प्लाक असेत सगळी प्लेट पांढरी आली होती. मी गाइडना उड्या मारत सांगायला गेलो, मॅडम टायटर (मिलीमागे किती व्हायरस) फार जास्त आहे, त्यांनी प्लेट उजेडात धरली आणि विचारलं, "बिनव्हायरसचा वेल कुठला?" तोही पांढराच होता. अगारोज गरम गरम ओतलं होतं, सेल्स भाजल्या होत्या. ४२ डिग्रीच्या आसपास येऊ द्या, मनगटाच्या आतल्या बाजूला बाटली लावून बघा, बाळाचं दूध बघतात तसं.

सगळ्या प्रकारच्या सेल्समधले नमुने एकाच लाइनवर मोजा, फूटपट्टी एकच पाहिजे. व्हेरो इंटरफेरॉन बनवत नाही पण बाहेरून आलेलं ओळखते, त्यामुळे निरोगी सेल्सच्या मीडियातून वाहून आलेलं इंटरफेरॉन कमी डायल्यूट केलेल्या वेलमध्ये प्लाक दाबू शकतं. मोजताना जास्त डायल्यूट केलेल्या वेलवर विश्वास ठेवा.

हिपॅटोसाइट वाढत नाहीत आणि हेपजी२ दोन-तीन दिवसांत दुप्पट होतात, म्हणजे ४८ तासांनी कॅन्सरच्या वेलमध्ये व्हायरस जास्त दिसला तर त्याचं एक साधं कारण सेल्सच जास्त आहेत. दर वेळी एक जादा वेल सेल्स मोजायला ठेवा आणि आकडा सेलमागे काढा.

पायरी ८: दार की शटर?

फरक दिसला, आता कुठं आहे ते शोधा. सेल्स ४ डिग्रीला ठेवून व्हायरस चिकटवा, थंडीत तो चिकटतो पण आत जात नाही, धुवा आणि क्यूपीसीआरनं (प्रमाण सांगणाऱ्या पीसीआरनं) मोजा. दोन्ही सेल्सवर सारखाच चिकटला तर ३७ ला न्या आणि आत किती गेला बघा. चिकटतच नसेल तर रिसेप्टर, म्हणजे दार, बघा. आत सारखाच गेला आणि पुढे एकीकडे थांबला, तर शटर, म्हणजे इंटरफेरॉनची जीन्स मोजा. आणि जमलं तर हिपॅटायटिस बी वाल्यांनी केली ती युक्ती: व्हायरसचा जीनोम थेट सेलमध्ये घाला. दार वगळून काम झालं तर दोष दाराचा होता.

आकड्यांबद्दल एकच. एका दिवशी लावलेले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. प्रायमरी सेल्समध्ये तर माणूस बदलला की उत्तर बदलतं, निदान तीन वेगवेगळ्या दात्यांच्या सेल्स पाहिजेत, आणि प्रत्येक दात्याचे ठिपके ग्राफवर वेगळे दाखवा, सरासरीच्या खांबात लपवू नका.

निघताना: वापरलेला मीडिया आधी हायपोक्लोराइटमध्ये, मग सिंकमध्ये. संसर्गजन्य कल्चर आणि प्लेट आधी आपल्याच ऑटोक्लेव्हमध्ये १२१ डिग्रीला, मग पिवळ्या पिशवीत, बाकी दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. कॅबिनेट ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. वहीत सेलचा पॅसेज नंबर (कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाटल्या), सीरमचा लॉट आणि दात्याचा कोड त्याच दिवशी लिहा, आणि सिलिंडरचा काटा बघून जा, शनिवार असेल तर दोनदा.